चुलीतली राख आणि वाडीची भांडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीत न्हाणीची चूल अजून बहुतेक घरांत पेटते. माझ्या सासूबाई त्या चुलीतली राख चाळून डब्यात भरून ठेवत, मूठभर काथ्या घेऊन त्याच राखेने भांडी घासत आणि उरलेली राख कीड पडू नये म्हणून पडवळ-काकडीच्या वेलांवर भुरभुरत. त्यांच्यामागे मीही ते चालू ठेवले. चार वर्षांपूर्वी गणपती गेल्यानंतरच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे राख चाळायला घेतली, तेव्हा चाळणीत मिरीएवढे काळे, चकचकीत खडे उरले. आदल्या रात्रींचे चहाचे कागदी कप, चंदेरी द्रोण आणि पाण्याचे पेले मुलांनी गोळा करून चुलीत सारले होते आणि त्यांतले प्लास्टिक वितळून राखेत गोठले होते. ती राख भांड्यांना लावता आली नाही, वेलांवरही टाकता आली नाही. शेवटी बांधाच्या कडेला खड्डा खणून पुरावी लागली. पाच मिनिटे हातात राहणाऱ्या कपाने घरातली पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेली वस्तू नासवली, हे मनाला फार लागले, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल अशा एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आणली. या निर्णयांचा काहीच उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. गणपतीमागचे थर्माकोलचे मखर आमच्या वाडीत जवळजवळ दिसेनासे झाले आहे. परंतु प्लास्टिकच्या पेल्याची जागा कागदी कपाने घेतली, आणि कागद म्हटला की तो मातीत जाणारच, असे सगळ्यांनी गृहीत धरले. वास्तविक चहा झिरपू नये म्हणून या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे ठेवले तर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण त्या पाण्यात उतरतात. म्हणजे जो थर माझ्या राखेत सापडला, तोच थोडाथोडा आमच्या पोटातही जात होता. चंदेरी द्रोणाचे आणि हल्लीच्या पुष्कळशा पत्रावळींचेही तसेच आहे. विकत घेण्यापूर्वी पत्रावळ हातात घेऊन नीट पाहावी. पानाला प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असेल, तर पाने टाचून केलेल्या जुन्या पत्रावळीशी तिचे काही नाते नाही.

आता या वस्तू किती लागतात त्याचा हिशेब सांगते. आमच्या वाडीत ३४ घरे आहेत. गौरी-गणपतीत आरत्या आणि भजनाची मंडळी घरोघर जाते, आणि कोणत्याही घरी पंचवीस माणसांहून कमी जमत नाहीत. प्रत्येकाला एक कप चहा म्हटला तरी सगळी घरे मिळून ८५० कप होतात. त्यात पाण्याचे पेले आणि उसळीचे किंवा खिरीचे द्रोण धरले, म्हणजे भजनाच्या दोन-तीन रात्रींत अडीच हजार वस्तू वापरून फेकल्या जातात, आणि हा हिशेब एका लहानशा वाडीचा आहे. आमच्याकडे कचरा न्यायला गाडी येत नाही. त्यामुळे यातले काही न्हाणीच्या चुलीत जाते, काही घरामागे पेटवले जाते आणि जे उरते ते पऱ्यात, म्हणजे वाडीजवळच्या ओढ्यात. पुढच्या जोरदार सरीबरोबर पऱ्या ते खाडीत नेतो आणि खाडी समुद्राच्या स्वाधीन करते. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारा स्वच्छतेच्या दिवशी शाळेची मुले वाळूतून जी पोती भरतात, त्यांत आमच्या अंगणातले कप असणारच. ज्या किनाऱ्यावर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्याच किनाऱ्यावर हे सारे पावसाळ्यात भरतीच्या रेषेवर येऊन पडलेले आम्ही पाहतो.

हे सारे पूर्वी नव्हते, आणि त्याचे कारण पूर्वीची माणसे अधिक शहाणी होती एवढेच नाही. पूर्वी गावकीची भांडी होती. सहाणेजवळच्या, म्हणजे ग्रामदेवतेची पालखी बसते त्या जागेजवळच्या, खोलीत मोठे टोप, पराती, पितळी ताटे, पेले, पाट असे सगळे असे. प्रत्येक भांड्यावर वाडीचे नाव ठोकून घातलेले असे. कुणाच्याही घरी लग्न असो की बारावे, भांडी मोजून न्यायची आणि मोजून परत आणायची, असा रिवाज होता. मग कल्हईवाला यायचा बंद झाला. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट शिजवता येत नाही, सोलकढी ठेवता येत नाही. म्हणून एकेक भांडे कोपऱ्यात पडले आणि पुढे मोडीत गेले. दुसरे कारण त्याहून मोठे आहे आणि ते सहसा कुणी उच्चारत नाही. ही सगळी भांडी बायका घासत होत्या. दोनशे माणसांच्या पंगती उठल्यावर, स्वतः उपाशी असताना, विहिरीवर किंवा पऱ्यावर बसून रात्री उशिरापर्यंत भांड्यांचे ढीग घासणाऱ्या बायकांमध्ये मी स्वतः अनेक वर्षे होते. फेकून देता येणारी ताटली पहिल्यांदा आली, तेव्हा आम्हा बायकांना किती सुटल्यासारखे वाटले होते, ते मी विसरलेली नाही. म्हणूनच 'पुन्हा जुन्या वळणावर चला' असे सांगणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो, की भांडी घासणार कोण?

राखेच्या त्या प्रसंगानंतर आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एक वयस्क बाई ताडकन म्हणाल्या, "पुरुष धुणार असतील तर भांडी आणा, नाहीतर आहे ते बरे आहे." त्यांचे म्हणणे आम्ही जसेच्या तसे वाडीच्या सभेत ठेवले. वादावादी झाली, एक सभा त्यातच गेली. अखेर असे ठरले, की वाडीच्या मुंबईकर मंडळाने त्या वर्षीच्या स्वागताच्या फलकांवरचा खर्च वाचवून स्टीलची भांडी घ्यायची आणि ती धुण्याची पाळी वाडीतल्या तरुणांनी व सुट्टीवर आलेल्या चाकरमान्यांनी घ्यायची. पहिल्या वर्षी ६० कप, ६० पेले आणि तेवढ्याच वाट्या आल्या. प्रत्येकावर वाडीचे नाव घालून घेतले. भजनाच्या रात्री पेटी, मृदंग आणि टाळांबरोबर वेताच्या दोन टोपल्याही निघतात. एका घरी मंडळी चहा घेत असताना दुसरी टोपली पुढच्या घरी पोचलेली असते, आणि मागे राहिलेले दोघे जण तिथल्याच मोरीवर कप विसळून, फडक्याने पुसून टोपलीत भरतात. ६० कपांत ३४ घरे निभतात, हे प्रत्यक्ष पाहीपर्यंत कुणाला खरे वाटत नव्हते.

अडचणी आल्या नाहीत असे नाही. पहिले कप कानाशिवायचे होते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची बोटे भाजली आणि दुसऱ्या वर्षी कानाचे कप घ्यावे लागले. विसर्जनानंतर मोजणी केली तेव्हा ११ पेले कमी भरले. त्यांतले काही दिवाळीच्या साफसफाईत निरनिराळ्या घरांतून निघाले. तेव्हापासून टोपली नेताना आणि आणताना वहीत आकडा लिहून सही घेतली जाते आणि हरवलेले भांडे त्या घराने भरून द्यायचे असा नियम झाला आहे. सहाणेजवळच्या खोलीची किल्ली आणि ही वही माझ्याकडे असते. माझ्या अनुभवात भांडी विकत घेणे सोपे होते; ती मोजणारे, धुणारे आणि जपून ठेवणारे हात ठरलेले नसते, तर दुसऱ्या गणपतीला आम्ही पुन्हा कपांचे पाकीट फोडले असते.

उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी मात्र आम्ही वेगळा विचार केला. कोकणात धो धो पाऊस पडतो, पण एप्रिल सरता सरता आमच्या विहिरीचा तळ दिसू लागतो, आणि तीनशे ताटे धुण्यासाठी टँकरचे पाणी मागवणे मला पटत नाही. अशा वेळी पानांवर जेवावे. पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद आवरणे, आगरात गळून पडलेल्याच असतात. त्या भिजवून, गरम साच्यात दाबून ताटल्या करता येतात आणि त्यात दुसरे काही मिसळावे लागत नाही. केळीची पाने घरची असतात. जेवणानंतर ही पाने गुरांपुढे टाकता येतात किंवा माडाच्या आळ्यात घालता येतात. पावसाळ्यात स्टील, उन्हाळ्यात पान असा आमचा शिरस्ता पडला आहे. पूर्वी घराघरांतून भांड्यांचे पाणी पाटाने केळीच्या आणि अळवाच्या मुळाशी जात असे; राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी तिथे निर्धास्तपणे सोडता येते, हाही राखेचा एक मोठा फायदा आहे.

घरातल्या इतर वस्तूंबद्दल थोडे लिहिते. मासे आणायला झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा. मासेवालीची पिशवी वाचते, म्हणून तीही खूश असते. कापडी पिशवी नवी विकत घेण्याची मुळीच गरज नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील परिणामाचा हिशेब धरला, तर नवी सुती पिशवी एकदाच वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते. म्हणून जाहिरातीच्या छापील कापडी पिशव्या प्रत्येक समारंभात वाटण्यापेक्षा, जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी फाटेपर्यंत वापरणे अधिक चांगले.

सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर यांबद्दल लिहिताना संकोच करून चालणार नाही, कारण पऱ्यात तुंबलेल्या कचऱ्यात तेच सर्वांत त्रासदायक असतात. त्यांतला ओलावा शोषणारा पदार्थ पाण्याने फुगतो आणि बाहेरचे प्लास्टिक कुजत नाही. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा मासिक पाळीचा कप नीट उकळून वापरला तर अनेक वर्षे टिकतो, आणि आमच्या बचत गटातल्या काही मुली तो समाधानाने वापरत आहेत. ज्यांना तो नको असेल त्यांच्यासाठी धुऊन वापरायचे कापडी पॅड आहेत. मात्र ते उन्हात वाळवायला हवेत, आणि पावसाळ्यातल्या ओलसर घरात, चार माणसांसमोर दोरीवर ते वाळवण्याची मोकळीक मुलींना मिळायला हवी. ती घरच्यांनी द्यायची आहे. डायपरबद्दल माझे मत सौम्य आहे. दिवसा घरी लंगोट आणि प्रवासात किंवा रात्री डायपर, इतके झाले तरी निम्म्याहून अधिक कचरा कमी होईल, आणि लंगोट धुण्याचे काम बाळाच्या वडिलांनाही जमते.

आपल्या वृत्तपत्राद्वारे माझ्या दोन विनंत्या पोचाव्यात. पहिली विनंती मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या चाकरमान्यांच्या मंडळांना आहे. दरवर्षी आपण गावासाठी वर्गणी काढता. एका वर्षीची वर्गणी आपापल्या वाडीच्या सामायिक भांड्यांसाठी द्यावी, आणि भांड्यांबरोबर ती धुण्याच्या पाळीची यादीही गावी पाठवावी, आपल्या नावांसह. दुसरी विनंती ग्रामपंचायतींना आहे. सभामंडप बांधताना भांडी ठेवायला एक कोरडी खोली आणि ती धुवायला नळ असलेला ओटा, एवढे नकाशातच धरावे. आमच्याकडे तो ओटा नाही, म्हणून तरुण मुलांना पावसात उघड्यावर उकिडवे बसून मोठे टोप घासावे लागतात, आणि पुढच्या वर्षी ती पाळी घ्यायला तयार राहतील की नाही याची मला काळजी वाटते.

शिमग्याला पालखी घरोघर फिरते, तेव्हा गणपतीपेक्षाही अधिक माणसे जमतात आणि आमचे कप कमी पडतात. शेजारच्या वाडीने यंदा स्वतःचे कप घेण्याचे कबूल केले आहे. ते आले, तर दोन्ही वाड्यांचे मिळून पालखीलाही पुरतील. आणखी कुणा वाडीला अशी व्यवस्था बसवायची असेल, तर आमची वही, धुण्याच्या पाळीची यादी आणि झालेल्या खर्चाचा हिशेब दाखवायला मी केव्हाही तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
वाडीच्या सामायिक भांड्यांची हिशेबनीस,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी