ज्युनिपरची खरड छाटणी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या बागेच्या सदरात ज्युनिपर या शोभेच्या सदाहरित झुडपाबद्दल एक प्रश्नोत्तर छापून आलं. झुडूप आतून तपकिरी पडत चाललंय, काय करू, असं एका वाचकाने विचारलं होतं. उत्तर होतं : निम्म्याने छाटून टाका, भरपूर पाणी द्या, नवी पालवी फुटेल. हा उपाय मी तीन वर्षांपूर्वी कुणी न सांगताच करून बसलो होतो. तीन झुडपं गेली. म्हणून हे पत्र.

मी मूळचा पिंपळगाव बसवंतकडचा. पस्तीस वर्षं थॉमसन द्राक्षांची बाग केली, आता इंदिरानगरला मुलाच्या रो-हाउसमध्ये असतो. अंगण म्हणजे दारापुढची वीस फुटांची पट्टी. सूनबाईंनी तिथे पाच ज्युनिपर लावले. नर्सरीवाला म्हणाला होता, ‘काका, याचं काही करावं लागत नाही.’ दोन वर्षं खरंच काही करावं लागलं नाही. मग झुडपं पोटातून तपकिरी दिसायला लागली आणि माझे हात शिवशिवले.

महिना एप्रिल. एप्रिलमध्ये द्राक्षवाल्याच्या हातात कात्री आली की तो दुसरं काय करणार? ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या, काडीला एकेक डोळा (जिथून फूट येते ती गाठ) ठेवून बाकी सगळं उतरवायचं. हीच खरड छाटणी. बाग उघडीबोडकी दिसते, रस्त्याने जाणारा परका माणूस हळहळतो, आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा फुटून येते. तेच मी पाचांपैकी तीन ज्युनिपरना केलं. हिरवं सगळं उतरवलं आणि पालवीची वाट बघत बसलो. मे गेला, जून गेला. ऑगस्टमध्ये नखाने साल खरवडून पाहिली तर आत कोरडं लाकूड, हिरव्याचा मागमूस नाही. सूनबाई काही बोलल्या नाहीत. फक्त त्या सांगाड्यांवर पायपुसणी वाळत घालायला लागल्या.

द्राक्षाच्या जुन्या खोडातही झोपलेले डोळे असतात, छाटलं की ते जागे होतात. ज्युनिपरच्या पानं झडलेल्या लाकडात असे डोळे नसतातच म्हणा ना. तिथे एकदा कात्री लागली की ती फांदी पुन्हा फुटत नाही. छाटायचंच असेल तर पुढे आलेली एकेक फांदी हातात धरावी, मागे जिथे तिला हिरवी उपफांदी फुटली असेल तिच्या किंचित पुढे कापावं. कापलेली जागा पानांत लपून जाते. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त काढू नये. शर्ट मात्र पूर्ण बाह्यांचा घालावा. कोवळी पानं सुईसारखी टोचतात, काहींच्या अंगाला खाजही सुटते. त्याच झुडपावर जुनी पानं खवल्यांसारखी काडीला चिकटलेली असतात, त्यामुळे ‘दोन जातींचं कलम आहे का हो?’ असं मला एकाने विचारलं होतं. आणि हो, आपण लहानपणी विद्या म्हणून वहीत ठेवायचो ती मोरपंखी वेगळी. तिचं पान पंख्यासारखं चपटं असतं.

आता तपकिरी रंगाबद्दल. आतली जुनी पानं ऊन मिळेनासं झालं की वाळून झडतात. तो रोग नव्हे. माझ्या झुडपांना तेवढंच झालं होतं, ती धडधाकट होती! शेंडे तपकिरी व्हायला लागले तर मात्र पाहावं.

पहिला संशय पाण्याचा, आणि बहुतेक वेळा जास्त पाण्याचा. 2016 साली आम्ही लेहला गेलो होतो. तिथे सकाळी निखाऱ्यावर ‘शुकपा’ टाकून धूप करतात. शुकपा म्हणजे ज्युनिपरच, आणि तिथे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्या नर्सरीत मिळतं ते बहुधा चिनी ज्युनिपर, त्याला पाणी थोडं जास्त चालतं, पण मुळाशी पाणी साचलेलं दोघांनाही सोसत नाही. आपल्या काळ्या जमिनीत खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरली की पावसाळ्यात त्या खड्ड्याची बादली होते. मुळं सडतात, वर पानं वाळतात, आणि माणूस वाळलं म्हणून आणखी पाणी घालतो. नंतर लावलेली दोन झुडपं मी फूटभर उंच वरंब्यावर लावली, मातीत मुरूम मिसळून. उन्हाळ्यातही बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय नळी धरत नाही.

दुसरा संशय लाल कोळीचा, म्हणजे पानातला रस शोषणाऱ्या बारीक किडीचा. द्राक्षवाल्यांना हा पाहुणा ओळखीचा आहे. फांदीखाली पांढरा कागद धरून दोनदा टिचकी मारावी. कागदावर धूळ पडते. थोडा वेळ थांबलं की त्यातले काही कण चालायला लागतात. बोट फिरवून बारीक रेघ उमटली की समजावं. आमच्याकडे मार्चमध्ये भिंतीलगतच्या, ऊन तापणाऱ्या बाजूलाच ते सापडले. आठवडाभर रोज सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आतून-बाहेरून मारला, औषध लागलं नाही.

आमच्या कॉलनीच्या उद्यानात तर मशीन फिरवून ज्युनिपरचे चेंडू करतात. वरून दाट हिरवा थर, आत अंधार आणि काड्या. दोन वर्षांनी चेंडू मोठा झाला म्हणून खोल कापतात आणि पडलेलं भोक कायमचं राहतं. मग उपटून नवी आणतात, फूट-फूट अंतरावर लावतात. पसरणारी जात असेल तर चार-पाच फूट जागा लागते, हे नर्सरीत कुणी सांगत नाही.

एप्रिल तोंडावर आला आहे, तेव्हा पुढच्या रविवारी ही दुरुस्ती छापाल का? त्या वाचकाने अजून कात्री लावली नसेल तर आधी आतली वाळकी पानं हाताने झाडून काढावीत आणि कागद धरून पाहावा. आमच्या तीन सांगाड्यांपैकी दोन मी काढले. तिसऱ्यावर सूनबाईंनी गोकर्ण चढवला आहे, तो काढू देत नाहीत.

आपला,
एक जुना द्राक्षबागायतदार
इंदिरानगर, नाशिक