निर्यातीतला वाटा घसरला म्हणजे व्यापार घटला असे नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

निर्यातीची आकडेवारी जाहीर झाली की 'अमुक देशाचा वाटा घसरला' असा मथळा हमखास येतो आणि त्या देशाशी असलेला व्यापारच आटला, अशी वाचकाची समजूत होते. ती बहुतेक वेळा चुकीची असते. एखाद्या देशाच्या 100 कोटी डॉलरच्या निर्यातीपैकी 40 कोटींचा माल एका भागीदाराकडे जात होता आणि पुढे एकूण निर्यात 300 कोटींवर गेल्यावर त्याच भागीदाराकडे 60 कोटींचा जाऊ लागला, तर त्याचा वाटा 40 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर येतो. प्रत्यक्षात तो पूर्वीच्या दीडपट रकमेचा माल घेत असतो.

असे बदल एका वर्षात घडतही नाहीत. ब्रिटन 1973 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) गेला आणि न्यूझीलंडची हक्काची बाजारपेठ गेली, असे सर्रास सांगितले जाते. मात्र 1950 च्या सुमारास न्यूझीलंडच्या निर्यातीपैकी जवळपास दोन तृतीयांश माल ब्रिटनला जात होता आणि 1970 पर्यंतच तो वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आला होता. म्हणजे 1973 च्या आधीच वीस वर्षे ही घसरण चालू होती. शेजारच्या ऑस्ट्रेलियाने तर 1957 मध्येच जपानशी व्यापार करार करून ठेवला होता. साठच्या दशकात ऑस्ट्रेलियन मालाचा ग्राहक म्हणून जपान ब्रिटनच्या पुढे गेला आणि 2009 च्या सुमारास ती जागा चीनने घेतली.

त्याच ऑस्ट्रेलियाचा अलीकडचा अनुभव मला अधिक बोलका वाटतो. मे 2020 मध्ये चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर 80.5 टक्के शुल्क लावले, पाठोपाठ वाइनवर जबर शुल्क आले आणि कोळशाची जहाजे चिनी बंदरांबाहेर खोळंबली. बार्ली पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एका आदेशाने गेले, ते शुल्क ऑगस्ट 2023 मध्ये उठेपर्यंत परतले नाही. तरीही ऑस्ट्रेलियाच्या निर्यातीतील चीनचा वाटा कोसळला नाही, कारण लोहखनिजावर निर्बंध नव्हते आणि 2021 च्या मध्यास त्याचा भाव टनामागे 200 डॉलरच्या वर गेला होता. केवळ एकूण वाटा पाहणाऱ्याला त्या शेतकऱ्याचे नुकसान दिसलेच नसते. शिवाय नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरून पुढे जर्मनीला जाणारा माल पुष्कळदा नेदरलँड्सच्या खाती मांडला जातो, ती गफलत वेगळीच.

म्हणून विनंती अशी की, अशा बातमीत टक्केवारीशेजारी प्रत्यक्ष रक्कम, किमान वीस वर्षांचा आलेख आणि त्या देशाला जाणाऱ्या दोन-तीन प्रमुख मालांची नावे द्यावीत. त्यासाठी एक छोटी चौकट पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक