नवा व्हाइस घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून तू फुरंगटला असशील हे मी गृहीत धरतो आणि तो विषय इथेच मिटवतो, कारण आज ज्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे ती घरात कोणाला सांगून उपयोग नाही. अण्णांचा व्हाइस, ज्याच्या जबड्यांत मासेमारीचा गळ धरून आपण त्यावर दोरा-पिसांचे खोटे किडे, म्हणजे फ्लाय, बांधतो, तो आता गळच धरत नाही. हे घरात सांगितले तेव्हा ‘मग दुसरा आणा’ एवढेच उत्तर मिळाले. दुसरा आणणे म्हणजे काय प्रकरण असते, हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

प्रकृती ठीक आहे. उजव्या अंगठ्याचा सांधा अधूनमधून कुरकुरतो, आणि पुढे त्याचा संबंध येणार आहे म्हणूनच तो इथे सांगितला.

झाले आहे ते असे. २० नंबरच्या बारीक गळावर दोऱ्याचा थर नीट बसतो, फ्लायचे अंग तयार होते, हॅकलचे, म्हणजे कोंबड्याच्या पिसाचे, वेढेही पडतात, आणि शेवटी व्हिप फिनिशची गाठ आवळायला दोरा ओढला की गळाचा डोळा हळूच खाली झुकतो. भिंगाखाली पाहिले तर जबड्यांच्या आतल्या अंगाला, टोकापासून किंचित मागे, एक खोलगट खाच पडलेली दिसली. २/० चा जाड गळ त्या खाचेत चपखल बसतो. बारीक गळाच्या तारेला मात्र तिथे पोलाद लागतच नाही. ती खाच तुझ्या स्ट्रीमरांनी, म्हणजे जाड गळांवरच्या त्या लांब फ्लायनी, पाडली असे माझे म्हणणे आहे आणि तू ते मान्य करणार नाहीस, तेव्हा पुढे जाऊ.

व्हाइसचे बाकी सगळे धड आहे, हीच तर पंचाईत. थॉम्पसन कंपनीच्या ‘मॉडेल ए’ व्हाइसच्या धर्तीची ती रचना अजून चोख चालते: दांडी दाबली की कॅम जबड्यांची शेपटी मागे ओढतो आणि निमुळत्या नळीत शिरताना जबडे मिटतात. पण ज्या कोणी ही नक्कल बनवली त्याने जबड्यांना पुरेसे पाणी दिले नाही आणि सुटे जबडे विकायचे तर त्याच्या स्वप्नातही आले नसेल. तेलाच्या दगडावर घासून धार मोडता येते, दोरा कापणारी बारीक कुसळे काढता येतात, पण खाच काढायची तर जबडेच झिजवावे लागतील.

म्हणून नव्या व्हाइसचा विचार करताना मी आधी जबडे आणि मग बाकीचे, असा क्रम धरला आहे. गळाची तार स्वतः कडक असते, त्यामुळे जबडे तिच्यापेक्षा मऊ असले तर ते घासले जाणार आणि नुसतेच कडक व ठिसूळ असले तर टोकाला टवका उडणार; या दोहोंच्या मधले पोलाद ज्याने वापरले त्याचाच व्हाइस घ्यायचा. पारख तू शिकवलीस तीच: गळ त्याच्या वळणाच्या खालच्या भागात धरायचा, दांडा आडवा सरळ ठेवायचा आणि डोळ्यावर बोटाने दाब द्यायचा. तार लवली पाहिजे, गळ हलता कामा नये. नख मारले तर स्वच्छ टणत्कार आला पाहिजे. गळाचे टोक जबड्यात झाकायचे की उघडे ठेवायचे, या आपल्या जुन्या भांडणात मी अजूनही उघडे ठेवण्याच्याच बाजूचा आहे. दोरा टोकावर अडकून तुटला तर दोरा जातो, पण टोकाजवळच्या काट्यावर जबड्याचा दाब येऊन काटा दुखावला तर मासा जातो. तू यावर काय म्हणशील ते मला पाठ आहे, ते लिहून कागद वाया घालवू नकोस.

आता खरी अडचण. मनात तीन प्रकार घोळत आहेत. पहिला रीगल कंपनीचा: जबडे स्प्रिंगच्या ताणाने मिटलेलेच असतात, लिव्हर दाबला की उघडतात, सोडला की गळ पकडतात, आणि गळाची जाडी बदलली तरी कोणताच स्क्रू फिरवावा लागत नाही. हे ऐकताना इतके सोपे वाटते की मी जवळजवळ ठरवूनच टाकले होते. पण तो लिव्हर दाबायला तळहाताचा जोर लागतो, जाड गळासाठी जबडे जास्त उघडायचे तर आणखी जोर लागतो, आणि एका बैठकीत डझनभर फ्लाय बांधायच्या तर माझा अंगठा त्या व्हाइसला आयुष्यभर दूषणे देईल. दुसरा प्रकार जबडे बदलता येणारा, जसा एचएमएच कंपनीचा: बारीक गळांसाठी निमुळते, मोठ्या गळांसाठी भक्कम. आणि तिसरा तुझा, खरा रोटरी, ज्यात गळाचा दांडा फिरण्याच्या अक्षावरच येतो आणि त्यामुळे व्हाइस फिरवला तरी गळ जागच्या जागी फिरतो, वरखाली होत नाही.

रोटरीबद्दल तू मला इतके ऐकवले आहेस की ते वाकडे जबडे मला झोपेतही दिसतात. मी कबूल करतो की लांब दांड्याच्या स्ट्रीमरवर टिन्सेलची चमकती पट्टी गुंडाळताना, किंवा अंगभर हॅकल फिरवताना, रोटरीवर वेढे जितके सारखे पडतात तितके हाताने पडत नाहीत. पण तू एक गोष्ट नेहमी गाळतोस. फिरवण्याआधी दोऱ्याचा बॉबिन बाजूच्या आधारावर, दांड्याच्या रेषेत टेकवून ठेवावा लागतो, नाहीतर तो दोरा मधेच येऊन फ्लायभोवती गुंडाळला जातो. शिवाय पीस एका हातात ताणून धरायचे आणि दुसऱ्या हाताने व्हाइस फिरवायचा. १६ नंबरच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला अंगाचे वेढे असतात तरी किती? एवढी मांडामांड होईपर्यंत हाताने वेढे घालून गाठही मारून होते. नॉर्म नॉरलँडर यांचा नॉरव्हाइस तर भिंगरीसारखा गरगर फिरतो, आणि तो पाहून मला गळाची नाही, माझ्या बोटांची काळजी वाटते.

फ्लायची पलीकडची बाजू पाहायला मात्र व्हाइसचे डोके फिरते हवेच. दोन्ही पंख सारखे बसले का, फ्लायच्या डोक्यावर गाठ पक्की करणारे सिमेंट सगळीकडून लागले का, हे मान वाकडी न करता दिसते, आणि फ्लायच्या गळ्याखालची पिसांची दाढी बांधायची तर गळ उलटा करता येतो. पण यासाठी गळ अक्षावर असण्याची गरज नाही, डोके नुसते फिरून हव्या तिथे थांबले तरी पुरे. म्हणून माझा कल दुसऱ्या प्रकाराकडे आहे: बदलते जबडे, साधे फिरणारे डोके. तुझे मत विरुद्ध जाणार हे ठाऊक आहे, आणि अमेरिकेचे नामवंत फ्लाय-मच्छीमार ली वुल्फ तर नुसत्या बोटांत गळ धरून फ्लाय बांधत, हे वाक्यही तू फेकणारच. ते ली वुल्फ होते. तुला सुईत दोरा ओवायला अजून वहिनी लागतात.

व्हाइस कशावर बसवायचा याबद्दल माझे ठरले आहे. वजनदार पाया कुठेही ठेवता येतो हे खरे, पण हरणाचे केस गळावर आवळताना जाड दोरा जोराने ओढला की तो पायाही माझ्याकडे सरकू लागतो; टेबलाच्या कडेला आवळायचा सी-क्लॅम्प एकदा घट्ट बसला की सरकत नाही आणि त्याचा दांडा वरखाली करून गळ हव्या त्या उंचीला आणता येतो. टेबलाच्या कडेला चामड्याचा तुकडा लावायचा, म्हणजे घरातून वेगळी तक्रार यायला नको.

आता तुझ्याकडून मला खरे उत्तर हवे आहे, वादातले नको. तू तुझा व्हाइस वेढे घालण्यासाठी किती वेळा फिरवतोस आणि नुसता पाहण्यासाठी किती वेळा? पुढच्या बैठकीत जरा लक्ष ठेव. वेढ्यांसाठी खरोखर फिरवत असशील तर मी माझे मत पुन्हा तपासेन, कारण यंदा मलाही स्ट्रीमर जास्त बांधायचे आहेत. तुझाच व्हाइस वापरून पाहा असे मात्र सुचवू नकोस. तो डावखुऱ्यांसाठीचा आहे आणि त्यावर माझी फ्लाय तुझ्या स्वभावासारखी उलटी होईल.

तुझी बदली रद्द झाल्याचे कळले, आनंद झाला. धाकटीच्या परीक्षेचा निकाल काय लागला? आईंच्या गुडघ्याचे कसे आहे? वहिनींना नमस्कार.

आणखी एक काम. तुझ्या सी-क्लॅम्पचे तोंड जास्तीत जास्त किती उघडते ते पट्टीने मोजून लिही. माझ्या टेबलाची फळी कडेला जाड आहे आणि खाली पट्टीही आहे, तेव्हा क्लॅम्प बसलाच नाही तर वरचा सगळा निर्णय पायाच्या बाजूने फिरवावा लागेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
उजवा भागीदार