लेस नसलेले बूट

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

मी नीट पोचले. तसा मोपाच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या मेसेज टाकला होता, पण तू नुसता अंगठा पाठवलास, त्यावरून कळलं की राग अजून आहे. असू दे. इथे पाऊस लागलाय, मागच्या पडवीतली कौलं परत गळतायत, बबनला फोन केला तर 'उद्या येतो काकी' म्हणाला, म्हणजे कधी ते तुला माहितीच आहे. रात्रभर पातेल्यात टप टप चालू होतं, झोप लागेना म्हणून हे लिहायला घेतलं.

आधीच सांगते, मी त्या विषयावर लिहीत नाहीये. लिस्बनवर लिहितेय. चार दिवसांतला शेवटचा दीड दिवस आपण दोघंही तोंड फुगवून फिरलो त्यामुळे मला काय काय आवडलं ते सांगायचंच राहून गेलं, आणि तू एवढा खर्च करून, सुट्टी काढून मला नेलंस, तर निदान तेवढं तरी सांगायला हवं.

पहिली संध्याकाळ सगळ्यात छान. आल्फामातल्या त्या बोळात गल्लीभर रंगीत कागदाच्या पताका, घराच्या दारातच शेगडी मांडून ती बाई तारल्या भाजत होती, अख्ख्याच्या अख्ख्या, नुसतं जाड मीठ लावून. मी म्हटलं अरे ह्यांना मसाला बिसाला काही नाही? आणि खाल्ल्यावर गप्प बसले. बरोबर उकडलेले बटाटे. तू तिला 'बटाटा' म्हणालास आणि तिला कळलं! तिथल्या तिथे मला साबण, चावी, पगार सगळं आठवलं, भाऊमास्तर फळ्यावर यादी लिहून द्यायचे, हे सगळे शब्द बोटीतून आले म्हणून. आणि त्या खिडकी खिडकीत ठेवलेल्या कुंड्या. मला वाटलं तुळस, मी जवळ जाऊन नाक लावणार तोच ती म्हातारी ओरडली, नाक नाही लावायचं, तळवा वरून फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. सांत आंतोनियोच्या सणाला देतात म्हणे एकमेकांना. तुझ्या आजीला दाखवायला हवं होतं, तिने तिथेच पाणी घालून प्रदक्षिणा सुरू केली असती.

ते चॉकलेटच्या कपातलं चेरीचं जे काय होतं ते मी घेतलं हे शोभामावशीला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी २८ नंबरची ट्राम. तीन सोडल्या, एकीतही पाय ठेवायला जागा नव्हती, मग तूच म्हणालास चल चालत जाऊ, किल्ला काय लांब नाही. लांब नव्हताच. पण पायऱ्या. मी सहासष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई, मी वर पोचले. आणि मागे वळून बघते तर तू खाली, पंधरा वीस पायऱ्या खाली, भिंतीला टेकून वाकलेला. मी हाक मारली तर म्हणालास, 'लेस बांधतोय.'

मंदार, तुझ्या त्या बुटांना लेसच नाहीये.

लिहिणार नव्हते. ठीक आहे, झालं लिहून, आता पुढे.

बेलेंचं ते मोठं चर्च. मिरीमसाल्यावरच्या करातून बांधलंय असं तू फोनवर वाचून दाखवलंस, मी म्हटलं म्हणजे आमच्याच बाजूच्या मिऱ्यांवर. आत शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर, दगडाचा माणूस हात जोडून आडवा पडलेला, बाजूवर गलबत कोरलेलं. एकतीस वर्षं मी पोरांना विचारत आले, वास्को द गामा कालिकतला कोणत्या साली पोचला? आणि तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, '१४९८. एक मार्क.' मला एवढं हसू फुटलं की तो पहारेकरी बघायला लागला. गेला मात्र तो आपल्याकडेच, कोचीला, १५२४ मध्ये, आजारी पडून. हे मी वर्गात कधी सांगितलंच नाही, पुस्तकात नव्हतं.

बाहेर ती क्रीमची पेस्ट्री खायला रांग, १८३७ पासूनचं दुकान, वर दालचिनी भुरभुरलेली, गरम. तू चार खाल्ल्यास. मोजत नव्हते, समोरच होती बशी.

आणि नदी. नदीचं नाव तेझू आणि तू म्हणालास, 'आई, घरची तेजू कमी होती का, इथे पण तीच.' तिला सांगितलास का हा जोक? सांग, हसेल. मी तिला बाकी काही सांगितलेलं नाही. तू शपथ घातलीस म्हणून. अजून तरी नाही.

मला खरं तर सगळ्यात जास्त ते छप्पर नसलेलं चर्च लक्षात राहिलंय, कार्मो. नुसत्या कमानी आणि वर आभाळ. १ नोव्हेंबर १७५५, सणाचा दिवस, सगळी माणसं चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप, मग समुद्र आत आला, मग आग. खालचा तो चौकोनी चौकोनी रस्त्यांचा भाग नंतर नव्याने वसवला. घरांच्या भिंतीत लाकडाचा पिंजरा घालायची पद्धत काढली आणि तो पिंजरा टिकेल का बघायला भोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं म्हणे. केवढी अक्कल बघ. पावणेतीनशे वर्षांपूर्वी माणसं घर आधी हलवून बघत होती, पडायची वाट बघत नव्हती, आणि आज दहा मिनिटांत छातीला चार वायरी लावून

पुसत नाही. बघ, दगडमातीचं लिहितानासुद्धा तिथेच येते मी. सॉरी. बाई झाले परत. तू दहावीत असताना पण म्हणायचास, 'आई, घरात वर्ग घेऊ नकोस.'

त्या रात्री तू जे बोललास ते मी विमानात सगळा वेळ घोळवत होते. 'तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा तुला बाबाच दिसतात.' लागलं मला. पण खोटं नाही ते. तू पाठमोरा उभा असलास की मान अगदी तशीच. पायऱ्यांवर वाकला होतास तेव्हा तर, जाऊ दे. पण माझ्या नजरेत खोट असली तरी तुझा दम लागला तो लागलाच ना? तो काही मी मनाने लावला नाही.

काशियाशबद्दल लिहायचंय. ते तुला वाटलं असेल आई उगाच भावुक झाली. काइश दु सोद्रेवरून गाडी निघाली, एका बाजूला पाणी, मी खिडकीशी, तू मला मुद्दाम पाण्याच्या बाजूला बसवलेलं, कॅशकाईशला जाऊन आइस्क्रीम खायचं एवढाच प्लॅन. आणि एका स्टेशनवर पाटी आली. मी ती कॅक्सियास अशी वाचली आणि वरून आवाज आला, काशियाश. गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे तिथल्या किल्ल्यात तुरुंगात होते रे. सांगलीचा माणूस, सावईवेऱ्याला मराठी शिकवायला आलेला, माझ्यासारखाच मास्तर. १९५५ ला बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले, पुढे पोर्तुगालला नेले. १९६१ ला गोवा सुटला आणि हे सुटले १९६९ ला. आम्ही सगळे इकडे मोकळे आणि ते तिकडे आत. दादामामा पत्रादेवीच्या सत्याग्रहात होते ना, ते हे नाव घेताना आवाज खाली करायचे. लहानपणी मला वाटायचं हा तुरुंग कुठेतरी जगाच्या टोकाला, समुद्रात वगैरे असेल. आणि तो निघाला लोकलच्या स्टेशनवर, पोरं टॉवेल घेऊन बीचला चाललेली.

मी कधी उभी राहिले मलाच कळलं नाही. समोरच्या बाईला वाटलं मला उतरायचंय, तिने पाय बाजूला घेतले. मला किल्ला बिल्ला काही दिसला नाही, नुसती पाटी आणि एक चढ. मी हात जोडले. आणि तू काही न विचारता माझ्या शेजारी उभा राहिलास. फोन काढला नाहीस, फोटो नाही, काही नाही. गाडी सुटेपर्यंत. तेव्हा तुला सांगितलं नाही, आता सांगते, मला फार अभिमान वाटला तुझा. स्टुटगार्टचं घर, गाडी, टीम लीडर वगैरे झालास त्याचा वाटला नव्हता एवढा.

खाली बसताना तू छातीवर हात ठेवलास. शर्टाचं बटण बघत असशील. असेलही.

बघ मंदार, तू म्हणालास ॲसिडिटी आहे, आदल्या रात्री ते खारवलेलं मासळीचं खाल्लंय म्हणून. बाबांनी पण ॲसिडिटीच म्हटलं होतं. शनिवारी संध्याकाळी, झोपाळ्यावर बसून. गुलाबी औषध दोन चमचे घेतलं, मी म्हटलं आत्ता जाऊ, रिक्षा बोलावते, तर म्हणाले 'सोमवारी जाऊ गं, उद्या रविवार, कोण असणार तिथे.' चव्वेचाळीस वर्षांचे होते. मी ऐकलं त्यांचं. मला राग तुझा नाही येत रे, माझा येतो, की मी ऐकलं. त्या दिवशी भांडले असते, तोंड फुगवलं असतं त्यांनी चार दिवस, तर चाललं नसतं का? म्हणून तुझ्याशी भांडले. ट्रिप खराब केली त्याबद्दल माफ कर, पण भांडल्याबद्दल माफी मागत नाही.

तुझं खरं आहे की मी टेन्शन देते. तुझं हेही खरं आहे की तिकडे डॉक्टरची वेळ पटकन मिळत नाही, आधी घरचा डॉक्टर, मग त्याची चिठ्ठी, मग मोठा. मग आजच फोन कर ना. एकोणचाळीस पूर्ण होतायत तुला. काही नसेलच, नसेलच असं मी पण धरून चाललेय, रोज देवाला तेच सांगतेय. चार पेस्ट्रीचीच ॲसिडिटी असेल तर मी पुढच्या वेळी येऊन तुला स्वतः आठ खायला घालीन आणि एक शब्द बोलणार नाही. आणि ईसीजी काढल्याशिवाय परत मॅरेथॉनचं वगैरे डोक्यात घेऊ नकोस, तेजूने सांगितलं मला, तू नाव घातलंयस ते. ती आपण होऊन बोलली, मी विचारलं नव्हतं.

दिवे जाऊन येऊन करतायत, फोन अकरा टक्क्यांवर आलाय. चिऊला पापा. तिला म्हणावं आजीने आणलेला मातीचा कोंबडा फ्रीजवर बसलाय, पावसात ओरडत नाही.

रिपोर्ट आला की फोटो टाक. नुसता अंगठा नको. अपॉइंटमेंट कुठल्याही वारची घे, फक्त सोमवारची नको.

आई

ता.क. तुझा निळा स्वेटर माझ्या बॅगेत आलाय. धुतलाय, पण इथे काही वाळत नाही.