तुझ्या प्रश्नावलीत न मावलेले उत्तर

धारूर, जि. बीड
७ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणाची डिजिटल साधने बनवणाऱ्या तुझ्या कंपनीने शिक्षकांसाठी तयार केलेली प्रश्नावली मिळाली. ‘शिक्षणातील तंत्रज्ञानाबद्दल आपले मत अनुकूल, तटस्थ की प्रतिकूल?’ या पहिल्याच प्रश्नाला मी अडलो, कारण दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना मी या तिन्ही चौकटींत बसतो. तेव्हा फॉर्म कोरा ठेवून सविस्तर पत्रच लिहीत आहे. ग्रामीण शिक्षक यंत्राला बिचकतो आणि विद्यार्थी मात्र त्यासाठी आसुसलेला असतो, असे तुम्ही आधीच गृहीत धरलेले प्रश्नांच्या रोखावरून दिसते. आमच्या स्टाफरूममध्ये आणि वर्गात मला दिसते ते असे की, नवे साधन शिकवण्याच्या कामी येणार की आपल्यावर लक्ष ठेवण्याच्या, एवढेच शिक्षक पाहतो. आणि विद्यार्थ्याला मोबाइल हवा असतो म्हणून मोबाइलवरचा धडाही हवा असतो, असे मुळीच नाही.

आधी शिक्षकांचे सांगतो. आमच्या पिढीची संगणकाशी ओळख वेतनवाढीच्या धाकातून झाली, हे तुला आठवत असेल. एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत होती, आणि ती चुकलेल्यांच्या वेतनवाढींच्या वसुलीचे प्रकरण पुढे कित्येक वर्षे चालले. पन्नाशीला आलेले गुरुजी सुट्टीच्या दिवशी तालुक्याला जाऊन आपल्याच जुन्या विद्यार्थ्याकडून माउस धरायला शिकत होते. त्यांतले बहुतेक पास झाले, सेवापुस्तकात नोंद झाली, आणि त्यानंतर अनेकांनी संगणकाला हात लावला नाही, कारण वर्गात त्याचे काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आता २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शाळांची गुणवत्ता वाढवण्याच्या कार्यक्रमाचा शासननिर्णय निघाल्यानंतरची वर्षे आठव. जिल्हा परिषदेच्या शाळांनी गावात लोकवर्गणी मागून टीव्ही आणि प्रोजेक्टर घेतले, कित्येक शिक्षकांनी पगारातून भर घातली, आणि एकमेकांच्या शाळा पाहायला जाऊन पेनड्राइव्हमधून पाठांचे व्हिडिओ आणले. दुष्काळाचे दिवस होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि तशाही दिवसांत आपल्याकडची गावे शाळेच्या टीव्हीसाठी वर्गणी देत होती. आज ज्याला तुम्ही यंत्रविरोधी समजता, तो शिक्षक तेव्हा वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन घरोघर फिरत होता. पुढे वीजबिल भरायला अनेक शाळांकडे पैसे उरले नाहीत, जोडण्या तुटल्या, आणि प्रोजेक्टर कपाटात गेले; त्याबद्दल फारसे लिहीत नाही.

त्याच शिक्षकाचा आजचा दिवस मात्र सविस्तर सांगायला हवा. परिपाठ संपतो न संपतो तोच मोबाइलवर हजेरी भरायची, दुपारी खिचडी खाणाऱ्या मुलांचा आकडा पाठवायचा, आधार न जुळलेल्या मुलांची नावे पुन्हा दुरुस्त करायची, वृक्षारोपणाचे फोटो ठिकाणाच्या नोंदीसह चढवायचे, आणि ‘माहिती आजच, तातडीने’ असा संदेश ग्रुपवर आला की खडू खाली ठेवून व्हरांड्यात रेंज शोधत उभे राहायचे. फोन स्वतःचा आणि रिचार्जही स्वतःचा. यंत्राने शिक्षकाचा वेळ वाचतो, असे तुमच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. आमच्याकडे तीच माहिती रजिस्टरमध्येही लिहावी लागते आणि ऑनलाइनही भरावी लागते. स्टाफरूममधला सगळा संताप या दुहेरी कामावरचा आहे. इतके असूनही रात्री प्रकाशाच्या अपवर्तनाचा चांगला व्हिडिओ सापडला, तर हाच माणूस दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांना चार-चारच्या गटाने आपल्या फोनवर तो दाखवतो, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. तुझ्या प्रश्नावलीत तो ‘प्रतिकूल’मध्ये जाईल.

रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण तू दिले आहेस. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या या शिक्षकाला २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटली, याचा आम्हा सर्वांना अभिमानच वाटला. परंतु ‘सगळे शिक्षक असे का होत नाहीत?’ हा तुझा प्रश्न मला उलटा विचारावासा वाटतो. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची कल्पना त्यांनी आपल्या वर्गातली मुले समोर ठेवून राबवली. वरून आलेले परिपत्रक पाळत बसलेल्या शिक्षकाला तेवढी मोकळीक किती असते? आज बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर त्यांतून साहित्य उघडते. ते उघडणारा फोन दिवसभर वडिलांबरोबर रानात असतो, एवढीच अडचण आहे.

विद्यार्थ्यांविषयी ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतले २०२४ चे आकडे तू वाचले असतीलच. ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे सांगणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमे पाहिली असे सांगणारे ७६ टक्के आहेत. माझ्या वर्गाला हे आकडे बरोबर लागू पडतात, फक्त त्या ५७ टक्क्यांत स्वाध्यायाची उत्तरे व्हिडिओ थांबवून थांबवून वहीत उतरवून घेणारे किती, हे पाहणीत कळत नाही. त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के, तर मुली सुमारे २७ टक्के होत्या. आमच्याकडे भावाने फोन दिला तर बहिणीचा अभ्यास होतो, आणि मुलीच्या हातात फोन दिसला की गल्लीत चर्चा होते. मुली या विषयावर काही बोलत नाहीत, म्हणून त्यांचे मत ‘तटस्थ’ समजू नकोस.

आज दहावीत असलेली मुले २०२० साली पाचवीत गेली होती. ऑनलाइन शाळा म्हणजे अर्धवट ऐकू येणारा आवाज, संपलेला डेटा आणि कोणी न तपासलेला गृहपाठ, अशीच त्यांची आठवण आहे. त्यामुळे फोन काढा म्हटले की त्यांना आनंद होतो, आणि त्यावर धडा लावला की तोंडे उतरतात. आणखी एक गंमत पाहा. लातूरला ‘नीट’च्या तयारीसाठी गेलेली आमच्या भागातली हुशार मुले खोलीवर साधा बटनांचा फोन ठेवतात, पालकच तसा घेऊन देतात आणि मुलेही आनंदाने वापरतात. ज्यांना खरोखर पुढे जायचे आहे त्यांनी स्मार्टफोन दूर ठेवावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या हाती टॅबलेट द्यावा, असा हा व्यवहार झाला आहे. ‘जेईई’ आणि सीईटी मात्र संगणकावर होतात, म्हणजे तिकडची तयारी करणाऱ्याला माउसची सवय पुन्हा वेगळी करावीच लागते.

एका बाबतीत मुलांनी मला चकित केले, तेही लिहितो. चॅटजीपीटीने लिहून दिलेले निबंध ओळखू येतात, आणि त्यावर आमच्याकडे पुरेशी कुरकुर होते. पण वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी घरी आईच्या फोनवर, मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करून, पदावलीत कंस आधी का सोडवायचा, हे चॅटजीपीटीलाच विचारत असल्याचे मला कळले. मला का विचारले नाहीस, असे म्हटल्यावर ती म्हणाली, “सर, तिथं कुणी हसत नाही.” यात यंत्राची थोरवी फारशी नाही, आमच्या वर्गाची उणीव मात्र आहे. तुम्हाला काही बनवायचेच असेल, तर अशा मुलींचा विचार करून बनवा.

आता तुझ्या कामाचे. पेरू देशात मुलांना लाखो लॅपटॉप वाटले आणि २०१२ च्या मूल्यमापनात भाषा व गणितात काही सुधारणा आढळली नाही. दिल्लीत मात्र शाळा सुटल्यावर चालणाऱ्या वर्गांत, प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीची गणिते देणाऱ्या संगणकाच्या कार्यक्रमाने सुमारे साडेचार महिन्यांत चांगला फरक पडला, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. माझ्या नववीत भागाकार न येणारी मुले आहेत आणि मला पाठ पुढे न्यायचा असतो. त्या मुलांना त्यांच्या जागेवरून वर आणणारे साधन दिलेस, तर आमच्या स्टाफरूममधला सर्वात चिडका शिक्षकही ते वापरील. फक्त ते नेटविना चालावे, मराठीत असावे आणि त्याचा रोजचा अहवाल मागू नये.

दुसरी निकड ऊसतोड कामगारांच्या मुलांची आहे. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की काही मुले गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात. उरलेली आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात, कोप्यांत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात, लहान भावंडे सांभाळतात, आणि परततात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. मुकादमाशी बोलण्यासाठी त्यांच्या कोपीत एक तरी फोन असतोच. बुडालेल्या महिन्यांचे धडे त्या फोनवर आधीच भरून देता आले, तर त्यांच्याबाबत मी तुझ्या फॉर्ममध्ये ‘अनुकूल’वर खूण करीन.

दिवाळीला गावी येणार असशील, तर सहामाही परीक्षेच्या आधीच दोन दिवस काढून इकडे ये. तेव्हा पट पूर्ण असतो; कोणत्या मुलांसाठी बनवायचे ते तुला वर्गात बसून पाहता येईल. मुख्याध्यापकांना मी सांगून ठेवतो. तुमच्याकडे गणिताचा तसा काही कार्यक्रम असेल, तर येताना त्याची नेटविना चालणारी प्रत पेनड्राइव्हमध्ये आण. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र