असाही शास्त्रलेख आहे

चि. बाबूस,
प्रभूमध्ये सलाम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास आणि इकडे वावरात रेंज येत-जात होती, म्हणून लिहायला बसले. तुमच्या तरुण संघात वस्तीतल्या लोकांना धान्य वाटायचा विषय निघाला, एकानं २ थेस्सलनीकाकरांस ३:१० वाचलं, "ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये", आणि सगळे गप्प झाले. तू मला म्हणालास, "आई, यावर मारायला एखादं वचन सांग."

तसलं वचन मी देणार नाही. वचनावर वचन हाणत बसलात की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, आणि तुमच्यातल्या त्या मुलाचा आवाज मोठा आहे हे तूच सांगितलंस.

आधी मत्तयाचा चौथा अध्याय काढ. सैतान येशूला मंदिराच्या शिरावर उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, कारण देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलं आहे. लिहिलं आहेच, स्तोत्र ९१ मध्ये, ११ आणि १२ ओवीत. त्यात खोटं काही नाही. येशूही त्याला "तू चुकीचं वाचलंस" असं म्हणत नाही. तो म्हणतो, परमेश्वराची परीक्षा पाहू नको, "असाही शास्त्रलेख आहे", आणि हे तो अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून घेतो. स्तोत्र रद्द झालं नाही, त्याच्या शेजारी दुसरं वाक्य येऊन बसलं, एवढंच. मग तेच स्तोत्र एक ओवी पुढे वाचून बघ. तिथं सिंह आणि साप पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. सैतान, म्हणजे तो जुना सापच, तिच्या आधीच थांबला. मला तर हसूच येतं.

पानाच्या खाली बारीक टाइपात संदर्भ दिलेले असतात, ते शोधत जायची सवय तुझ्या आजोबांना यवतमाळच्या सेमिनरीतल्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतल्या, विद्यार्थ्यांनी लावली. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. त्याआधी ती पोरं सायकलीवर खेड्यापाड्यांत यायची, आणि आजोबा त्यांना जेवू घालून एकेका संदर्भावर भांडायचे.

आता तुझं थेस्सलनीका. पहिलं काम म्हणजे त्या वचनाचेच शेजारी बघ. ७ ते ९ मध्ये पत्र लिहिणारा पौल सांगतो की आम्ही कोणाची भाकर फुकट खाल्ली नाही, रात्रंदिवस राबलो. तो काय काम करायचा ते त्याच्या पत्रात नाही, ते प्रेषितांची कृत्ये १८:३ मध्ये सापडतं: तंबू बनवायचा. ११ मध्ये तक्रार कोणाची आहे? काम न करता दुसऱ्यांच्या कामात लुडबुड करत फिरणाऱ्यांची. म्हणजे मंडळीतल्याच, हातपाय धड असलेल्या लोकांची. आणि त्याच मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ५:१४ मध्ये, तो आळशांना बजावायला सांगतो आणि लगेच अशक्तांना आधार द्यायला सांगतो, एकाच दमात. तुमच्या वस्तीतली माणसं यातल्या कोणत्या गटात बसतात, हे न बघता दहावं वचन त्यांच्या अंगावर टाकलं तर पौलाचं बोलणं भलत्याच माणसाला जाऊन लागतं.

पण मला जास्त बोलायचंय ते सरव्याबद्दल.

सोयाबीन निघालं की दुसऱ्या दिवशी आपल्या वावरात बाया सरवा वेचायला येतात, ते तू लहानपणापासून पाहिलंस. गळालेल्या शेंगा, थ्रेशरच्या जागेवर सांडलेले दाणे. कोणी येऊ देतं, कोणी थ्रेशर निघताच रोटावेटर घालतं. लेवीय पुस्तकातलं १९:९-१० वाच: पीक कापताना वावराच्या कडेपर्यंत कापू नको, पडलेला सरवा वेचू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी सोड. म्हणजे धुऱ्यालगतचं उभं पीकसुद्धा. हाच नियम २३:२२ मध्ये परत येतो, आणि तोही कुठं, तर सणांच्या यादीच्या मधोमध, सप्ताहांच्या सणापाशी, म्हणजे कापणीच्या सणापाशी. सण आणि सरवा यांची अशी सांगड मला फार आवडते.

मग अनुवाद २४:१९-२२. इथं परक्याबरोबर अनाथ आणि विधवा आल्या. एक नवी गोष्टही आली: पेंढी वावरात विसरली तर ती आणायला माघारी जाऊ नको. द्राक्षं लेवीयातही होती, इथं जैतूनही आलं. कारणही वेगळं दिलंय. लेवीय म्हणतं, मी परमेश्वर तुमचा देव आहे. अनुवाद म्हणतं, तू मिसरात दास होतास, आठव. नियम एक आणि कारणं दोन. यातलं एक खरं आणि दुसरं उगाच, असं करू नको. वहीत दोन्ही समोरासमोर लिही.

त्यानंतर रूथचा दुसरा अध्याय. तिथं नियमाचा एकदाही उल्लेख नाही, पण तो नियम चालताना दिसतो. रूथ परकी आहे, विधवा आहे, गरीब आहे, म्हणजे दोन्ही पुस्तकांतले जवळजवळ सगळे शिक्के एकाच बाईवर. तरी ती हक्क सांगत नाही. ज्याची कृपादृष्टी होईल त्याच्या मागून सरवा वेचते असं सासूला सांगते. वावराचा मालक बवाज गड्यांना बजावतो की तिला हात लावू नका. एवढ्या एका वाक्यावरून कळतं की सरवा वेचणाऱ्या बाईला वावरात कशाची भीती असायची. नियमाच्या पुस्तकात ती भीती दिसत नाही, गोष्टीत दिसते. पुढे तो नियमाच्याही पलीकडे जातो आणि पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाकायला सांगतो. संध्याकाळी तिनं झोडपलेलं सातू एफाभर भरलं, म्हणजे २२ लिटरच्या आसपास. दिवसभर वाकून वेचल्यावर कंबरेचं काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला आता पौलाचं वचन आणि हा सरवा एकमेकांविरुद्ध वाटणारच नाहीत. इथं खाणारी माणसं राबतच आहेत, त्यांना वावरात येऊ द्यायचं की नाही एवढाच प्रश्न आहे. तुमच्या संघात धान्याच्या पिशव्यांआधी हा प्रश्न ठेव. यहूदी लोक सप्ताहांच्या सणात आजही रूथचं पुस्तक वाचतात, तेही सांग.

इथून शुभवर्तमानात जा. मोबाइलमध्ये "सरवा" शोधलास तर मार्क २:२३ सापडणार नाही, म्हणून नुसत्या शोधावर राहू नको, गोष्ट ओळखून जा. येशूचे शिष्य शब्बाथ दिवशी, म्हणजे काम न करायच्या विसाव्याच्या दिवशी, शेतातून जाताना कणसं मोडतात. लूक ६:१ मध्ये एक जास्तीचं आहे: ते कणसं हातावर चोळून खात होते. अरे, हा तर आपला हुरडाच! दुसऱ्याच्या वावरातली कणसं मोडली म्हणून परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहूदी, चिडले असं तुला वाटेल, पण अनुवाद २३:२५ बघ: शेजाऱ्याच्या पिकातली कणसं हातानं मोडून खा, विळा मात्र लावू नको. चोरीचा आरोप नव्हताच. आरोप शब्बाथाचा होता. मत्तय १२ मध्ये त्यांना भूक लागली होती हे स्पष्ट लिहिलंय, आणि होशेय ६:६ जोडलंय, मला दया पाहिजे, यज्ञ नको. "शब्बाथ मनुष्यासाठी झाला" हे फक्त मार्कात आहे.

इथंच तुला एक अडचणीची जागा दाखवून ठेवते, कारण ती कोणीतरी काढणारच. भुकेल्या दावीदानं याजकाकडून पवित्र भाकर घेऊन खाल्ली होती, त्याची येशू आठवण देतो. मार्क म्हणतो, तेव्हा अब्याथार प्रमुख याजक होता. १ शमुवेल २१ उघड, तिथं भाकर देणारा अहीमलेख आहे. अब्याथार त्याचा मुलगा, पुढच्या अध्यायात जीव वाचवून दावीदाकडे पळतो. मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात, पण याजकाचं नावच घेत नाहीत. लोकांनी यावर बरीच उत्तरं दिली आहेत. काही मला पटतात, काही ओढूनताणून आणलेली वाटतात. तू संघात घाईनं उत्तर देऊ नको. चारही जागा मोठ्यानं वाचून दाखव आणि फरक फरक म्हणूनच राहू दे. पोरं तेवढी मोठी आहेत.

तसंच नहेम्या १३ आणि रूथ. अनुवाद २३:३ सांगतं, मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशाचा, माणूस परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, दहाव्या पिढीपर्यंतसुद्धा. नहेम्याच्या काळात हे वाचलं गेलं आणि परक्यांना वेगळं काढलं. आणि रूथ ही मवाबी. तिचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे, तिच्या आधी यरीहोच्या राहाबेचंही. एक पुस्तक दार लावतं आणि दुसरं त्याच दारातून सून आत आणतं. दोन्ही आपल्याच शास्त्रात आहेत. नहेम्यावर रागवायच्या आधी त्याचा काळ बघ. बंदिवासातून परत आलेली मूठभर माणसं, पडलेला कोट, मुलांना स्वतःची भाषा येईना (१३:२४). मी स्वतः रूथकडे झुकते, हे लपवत नाही.

रविवारच्या आधी दोन्ही पुस्तकं एकाच बैठकीत वाच. रूथला चारच अध्याय आहेत, कंटाळा करू नको. त्या मुलालाही सोबत बसव, त्याचं वचन त्यालाच आजूबाजूसकट वाचायला दे, तू मध्ये बोलू नको.

तूर अजून हिरवी आहे, कपाशीची दुसरी वेचणी सुरू झाली. बाबांचा गुडघा बरा आहे. पाळकसाहेबांना सलाम सांग, आणि वहीत काय लिहिलंस त्याचा फोटो पाठव.

तुझी आई