दिवा लागतोय, ओझोन निघत नाही: घरच्या स्पाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक: १० फेब्रुवारी २०२५

विषय: ऑक्टोबर २०२४ मध्ये बसवलेल्या घरगुती स्पाची पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बंद पडूनही चालू दिसणे आणि 'औषध लागत नाही' असे सांगून केलेली विक्री.

महोदय,

"आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे" असा तुमचा मेसेज मला ३ फेब्रुवारीला आला. समाधान कुणाचं झालं ते त्यात लिहिलेलं नाही. माझं झालेलं नाही. फोन झाले, ईमेल झाले, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून झाले. आता रजिस्टर पोस्टाने कागदच पाठवतोय, म्हणजे तो कुणाला तरी हातात धरून वाचावा लागेल.

मी कोल्हापुरात आर. के. नगरला राहतो. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. वडील ७८ वर्षांचे. तरुणपणी खासबागेत कुस्त्या मारलेल्या, त्याची वसुली आता दोन्ही गुडघे करतायत. कोमट पाण्यात बसून पाय हलवा, असं फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितलं, म्हणून तुमचा स्पा, म्हणजे गरम पाण्याचा चार माणसांचा, १,००० लिटरचा टब घेतला. ४,८५,००० रुपये मोजले. दसऱ्याला गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये तो बसला. शेजारी म्हणाले, नाद खुळा. (हजार लिटर म्हणजे एक टन पाणी. स्लॅब तेवढा भार घेईल का, हे मी आधी इंजिनिअरकडून तपासून घेतलं. तुमच्या माणसाने ते सुचवलं नव्हतं, पण तो विषय आज काढत नाही.)

विकताना तुमचा प्रतिनिधी जे बोलला ते मला पाठ आहे. "साहेब, यात ओझोन आहे आणि यूव्हीपण आहे. औषध टाकायची भानगडच नाही. सहा महिने पाण्याकडे बघू नका." म्हणजे जंतू मारणारा ओझोन वायू आणि जंतू मारणारे अतिनील (यूव्ही) किरण असताना क्लोरीनसारखं औषध पाण्यात टाकायला नको. मी दोनदा विचारलं. २८ सप्टेंबरला व्हॉट्सअॅपवरही विचारलं, तर उत्तर आलं: "क्लोरीन नको, ओझोन आहे." तुमच्या पत्रकावर निळ्या अक्षरांत 'केमिकलमुक्त स्नान' छापलंय. टबाच्या कडेला एक निळा दिवाही आहे. तो लागलेला असला की पाणी शुद्ध, असं मला आणि माझ्या बायकोला उभं करून समजावलं होतं.

तो दिवा १२ ऑक्टोबरपासून आजतागायत लागलेलाच आहे.

संक्रांतीला बहीण सांगलीहून मुलींना घेऊन आली. एक बारा वर्षांची, एक नऊ. १४ जानेवारीच्या संध्याकाळी दोघी तासभर टबात बसल्या. पाणी ३९ अंशांवर, वर थंडी, त्यांना बाहेर काढता काढता नाकीनऊ आले. १६ तारखेला सकाळी दोघींच्या अंगावर लाल पुटकुळ्या. मोठीच्या पाठीवर तर पोहण्याच्या ड्रेसची कड रेघ मारल्यासारखी उमटली होती. जिथे ओलं कापड चिकटून बसलं होतं तिथे दाट पुटकुळ्या, कडेच्या बाहेर जवळजवळ काहीच नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी मी काही बोलायच्या आधीच विचारलं, "घरी गरम पाण्याचा टब आहे का?" पुवाची तपासणी झाली. निघाला स्युडोमोनास नावाचा जिवाणू. केसांच्या मुळाशी होणारा हा संसर्ग स्पामधून होतो हे त्यांना पुरतं माहीत होतं. टब विकणाऱ्यांना माहीत नसावं, हे मला पटत नाही.

मुली आठवड्याभरात बऱ्या झाल्या. माझी झोप उडाली ती वडिलांपायी. कारण असल्याच कोमट, औषध नसलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारा लिजिओनेला जिवाणूही वाढतो, आणि तो कातडीतून नाही, वाफेच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. नेदरलँड्समध्ये १९९९ साली फुलांच्या एका प्रदर्शनात मांडून ठेवलेल्या टबातून तो पसरला आणि नुसती शेजारून गेलेली माणसं दगावली. ७८ वर्षांच्या माणसाला रोज संध्याकाळी त्या वाफेत मी हाताला धरून बसवत होतो.

तुमचा तंत्रज्ञ २२ जानेवारीला आला. वरचं झाकण पुसलं, दिव्याकडे बोट केलं, म्हणाला, "लाइट लागलीय म्हणजे सिस्टिम ओके." भेटीचे १,७७० रुपये घेऊन गेला. तो गेल्यावर मी स्वतः पॅनेल उघडलं. वॉरंटी जाईल असं तुम्ही म्हणाल, तर म्हणा. पण आधी काय सापडलं ते वाचा.

ओझोनचा वास मी ओळखतो. शॉपमध्ये आर्क वेल्डिंग चालू असताना नाकात जो तिखट, करकरीत वास जातो, तोच तो. टबाच्या आसपास तो मला तीन महिन्यांत एकदाही आला नव्हता. मी समजत होतो, चांगली फिटिंग आहे. ओझोनेटरची, म्हणजे ओझोन तयार करणाऱ्या डब्याची, बारीक नळी पंपाच्या बाजूने काढली आणि पंप चालू ठेवून त्या तोंडावर अंगठा धरला. ओढ शून्य. हवा ओढून पाण्यात मिसळणारा इंजेक्टर पांढऱ्या क्षाराने बुजलेला. मग ओझोनेटरचा डबा खोलला तर आतून वाटीभर पाणी सांडलं. पाणी उलटं येऊ नये म्हणून नळीत जो व्हॉल्व्ह असतो, त्याचं रबर बिस्किटासारखं तडकलं होतं. ओझोन साधं रबर खातो हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. तिथे साधं रबर कुणी घातलं? शिवाय डबा पाण्याच्या पातळीच्या खाली बसवलेला, नळीला वरून वळसासुद्धा नाही. पंप थांबला की पाणी आपसूक डब्यात उतरणार. आतली तांब्याची टोकं हिरवीगार झाली होती. दमट हवेत ठिणगी पडत राहिली की ओझोनबरोबर नायट्रिक आम्लही तयार होतं, त्याचं हे काम.

आणि हे सगळं उघडं पडलेलं असताना, डब्यातून पाणी गळत असताना, कडेचा निळा दिवा शांतपणे जळत होता. वायर शोधत गेलो. तो दिवा थेट पॉवर सप्लायला जोडलाय. घरात लाइट आहे, एवढंच तो सांगतो. ओझोन तयार होतोय का, पाण्यात जातोय का, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी लेथवर आयुष्य घालवलंय, महोदय. ऑइल पंप बंद पडला तरी हिरवाच राहणारा दिवा मी कामगाराच्या पुढ्यात लावला असता, तर त्यानेच मला वेड्यात काढलं असतं.

यूव्हीची तीच गत. २५४ नॅनोमीटरचे ते किरण साध्या काचेतून पार होत नाहीत, म्हणून दिव्यावर क्वार्ट्झची नळी असते. माझ्या दिव्यावरची नळी चुना लावल्यासारखी पांढरी. प्रकाश आतल्या आत. आमच्याकडे बोअरचं पाणी. तपासून घेतलं तर कठीणपणा लिटरला ४२० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात २०० बरं मानलंय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे आमचं पाणी काही जगावेगळं नाही. टब भरला तुमच्याच माणसांनी, याच बोअरच्या नळाने. पाणी तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

आता मुख्य मुद्दा. समजा हे दोन्ही यंत्र उद्या तुम्ही नवीकोरी बसवलीत. तरी 'औषध नको' हे खोटंच राहतं. ओझोन काही थोतांड नाही. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ सालीच पिण्याचं पाणी ओझोनने शुद्ध करायला लागले होते. पण गरम पाण्यात ओझोन काही मिनिटांत विरून जातो. यूव्ही तर फक्त दिव्याजवळून जाणाऱ्या पाण्याचं काम करतो. टबात बसलेल्या माणसाभोवतीच्या पाण्यात आणि जेटच्या नळ्यांना आतून जी बुळबुळीत साय धरते तिच्यावर पहारा द्यायला, टिकून राहणारं काहीतरी लागतं. ते म्हणजे क्लोरीन किंवा ब्रोमिन. अमेरिकेतली सीडीसी ही आरोग्य संस्था अशा टबासाठी क्लोरीन किमान ३ पीपीएम (म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम) किंवा ब्रोमिन ४ ते ८ पीपीएम आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, ७.० ते ७.८ सांगते. ओझोन-यूव्हीमुळे औषधावरचा भार हलका होतो, ते संपत नाही.

तलावात पोहतो तसंच हे, असं तुमच्या कॉल सेंटरच्या बाईंनी मला सांगितलं. एक त्रैराशिक मांडून बघा. आमच्या टबात चार माणसं बसली की माणशी २५० लिटर पाणी. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलावात साधारण ४,६८,७५० लिटर पाणी मावतं. तिथे तेवढीच गर्दी करायची तर १,८७५ माणसं उतरवावी लागतील. त्यात आपलं पाणी ३९ अंशांवर, सगळ्यांना घाम आलेला.

गंमत अशी की हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या ६४ पानी इंग्रजी पुस्तिकेत ३१ व्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलंय की पाण्यात शिल्लक राहणारं जंतुनाशक कायम राखावं. ते पान मी आधी वाचलं नाही, ही माझी चूक, कबूल. पण पत्रकावर ठळक एक आणि पुस्तिकेत बारीक दुसरं, आणि विकणाऱ्याच्या तोंडी तिसरं, ही तुमची. "पाण्याची देखभाल ही ग्राहकाची जबाबदारी" हे ईमेलमधलं तुमचं वाक्य मी त्या 'सहा महिने पाण्याकडे बघू नका'च्या शेजारी ठेवून वाचतो तेव्हा हसावं की काय, कळत नाही.

औषध टाकायला आम्ही नाही म्हटलं असतं का? २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेलं गाव आहे हे. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर काय असते, पाण्याला क्लोरीनचा वास आला की बरं का वाटतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. मापाने क्लोरीनचे दाणे टाका, तपासणीची पट्टी बुडवून रंग बघा, असं सरळ सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी चेक फाडला असता. वडिलांना हा सगळा प्रकार सांगितला तर ते म्हणाले, "आरं, तालमीतल्या मातीत सुदिक आम्ही हळद, ताक, लिंबू, त्याल घालायचो. माती ती माती, पर तिलाबी औषध लागतंय. आन् ह्ये म्हणत्यात पाण्याला नको!"

माझं मागणं असं. ओझोनेटर, त्याचा व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर बदलून द्या, डबा पाण्याच्या पातळीच्या वर बसवा आणि दिवा असा जोडा की ओझोन थांबला की तो विझेल. क्वार्ट्झची नळी आणि यूव्ही दिवा नवा द्या. तो दिवा साधारण ९,००० तासांनी बदलावा लागतो, हेसुद्धा मला बाहेरून कळलं. टब रिकामा करून नळ्यांतली साय काढणं आणि जास्त क्लोरीन घालून पाणी फिरवणं हे काम तुमच्या खर्चाने, माझ्यासमोर व्हावं. भेटीचे १,७७० आणि मुलींच्या उपचाराचे ६,२४० रुपये परत हवेत. वॉरंटी दुरुस्तीच्या तारखेपासून नव्याने धरा. वर्षभराचं ब्रोमिन आणि पाणी तपासायचा किट द्या, तोही पट्ट्यांचा नको, थेंबांचा द्या.

आणि ज्यावर मी तडजोड करणार नाही ते हे: हेच मॉडेल तुम्ही ज्यांना ज्यांना विकलंय त्या सगळ्यांना मराठीत एक पानाचं पत्र पाठवा. औषध लागतं, किती लागतं, कसं मोजायचं, आणि निळ्या दिव्यावर विसंबू नका, एवढंच त्यात हवं. पत्रकातलं 'केमिकलमुक्त' काढून टाका. कुणाच्या तरी घरात आत्ता या क्षणी एखादा म्हातारा त्या दिव्याकडे बघून पाण्यात उतरत असेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे मला तुमच्या शहरात खेटे घालायचे नाहीत, कोल्हापूर पुरे. पाच लाखांच्या आतल्या खरेदीला तिथे फी पडत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या त्याच कायद्यात आहे. १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून ठेवली आहे.

सोबत बिलाची प्रत, व्हॉट्सअॅपवरील संभाषण, पत्रक, ३१ वं पान, डॉक्टरांचा कागद, पाण्याचा अहवाल आणि नऊ फोटो जोडले आहेत. तडकलेला व्हॉल्व्ह आणि हिरवी पडलेली टोकं मी टाकलेली नाहीत. बरणीत घालून, तारीख लिहून कपाटात ठेवलीत. तंत्रज्ञ पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा आणि सकाळी अकराच्या आत पाठवा, नंतर मी शॉपवर असतो. गेल्या वेळचाच माणूस आला तरी हरकत नाही, फक्त त्याच्याबरोबर मल्टिमीटर द्या.

आपला,
एक ग्राहक
आर. के. नगर, कोल्हापूर